वारसा कोणाचा? स्क्रिप्टिंग भाषेतील वर्गरचना आणि मालवणीची नामरूपे

प्रमाण मराठीत ‘रामाला’ असे जे रूप होते, त्याच्या जागी कुडाळ-मालवणच्या बोलीत ‘रामाक’ असे रूप होते. ‘लोकांना’ ह्याच्या जागी ‘लोकांका’, ‘मला’ ह्याच्या जागी ‘माका’. ‘घोडा’ हे नाम तेथे ‘घोडो’ असे होते आणि ‘तो गेला’ हे वाक्य ‘तो गेलो’ असे. प्रमाण मराठीची सवय झालेल्या कानास हे ‘गेलो’ प्रथमपुरुषी वाटते. मालवणी माणूस मात्र स्वतःविषयी बोलताना ‘मी गेलंय’ असे म्हणतो. बोलींच्या अभ्यासकास ही उदाहरणे नवी नाहीत. परंतु हीच रूपे संगणकाच्या आज्ञावलीत मांडावयास घेतली, की व्याकरणाच्या वहीत जे प्रश्न झाकून ठेवता येतात ते उघडे पडतात. ते कसे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास आज एखादी स्क्रिप्टिंग भाषा शिकल्यावाचून गत्यंतर राहिलेले नाही. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोलीसर्वेक्षणाने गावोगावचे ध्वनिमुद्रित नमुने संकेतस्थळावर खुले केले आहेत. एवढी सामग्री हाताने चाळणे शक्य नाही. स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे ज्या भाषेत लिहिलेली आज्ञावली वेगळ्या संकलनाच्या पायरीवाचून थेट चालविता येते, अशी भाषा. पर्ल, पायथन, जावास्क्रिप्ट, रूबी ह्या तिच्या परिचित जाती होत. त्यांपैकी पायथन भाषाभ्यासकांत अधिक रुळली. गिडो फान रोसुम यांनी ती 1991 मध्ये प्रसिद्ध केली, आणि 2001 पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आकारास आलेला एनएलटीके हा भाषासंस्करणाचा साधनसंच त्याच भाषेत लिहिला गेला. त्या संचात व्याकरणिक खुणा केलेल्या मराठी वाक्यांचाही एक लहानसा संग्रह आहे.

विद्यार्थी आवर्तने व याद्या ह्यांपर्यंत सुखाने पोहोचतो आणि ‘क्लास’ ह्या प्रकरणाशी अडखळतो. दोष बहुधा उदाहरणांचा असतो. पाठ्यपुस्तके ‘प्राणी’ नावाचा वर्ग करतात, त्याखाली ‘कुत्रा’ व ‘मांजर’ हे पोटवर्ग मांडतात, आणि एकाकडून भुंकणे व दुसऱ्याकडून म्यांव करविणे ह्यात धन्यता मानतात. अशा उदाहरणाने लेखनाचा नियम कळतो, त्याचे प्रयोजन कळत नाही. कुत्रा हा प्राणी आहे, ह्याविषयी कोणाचे दुमत नसल्यामुळे तेथे वारसा चुकीचा ठरण्याची भीतीच नसते. मालवणीच्या बाबतीत ती भीती पदोपदी आहे. म्हणूनच ती बोली ह्या विषयाच्या अभ्यासास सोयीची.

इंग्रजीतील क्लास, ऑब्जेक्ट, अॅट्रिब्यूट, मेथड आणि इन्हेरिटन्स ह्या संज्ञांसाठी पुढे अनुक्रमे वर्ग, वस्तू, गुण, क्रिया आणि वारसा हे शब्द योजिले आहेत. ह्या कल्पनांचा उगम स्क्रिप्टिंग भाषांत झालेला नाही. ऑस्लो येथे ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन न्यूगोर यांनी रचिलेल्या सिम्युला 67 ह्या भाषेत त्या प्रथम एकत्र आल्या. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हे विशेषण मात्र अॅलन के यांचे. त्यांची स्मॉलटॉक ही भाषा पुढील दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात घडली.

वर्गावाचून काम कसे चालते, हे आधी पाहिले पाहिजे. चतुर्थीचे रूप सिद्ध करणारे एक फंक्शन लिहिले, तर त्यास नाम, लिंग, वचन आणि बोली ही सर्व माहिती दरवेळी पुरवावी लागते. आत ‘बोली प्रमाण असेल तर ला किंवा ना, मालवणी असेल तर क किंवा का’ अशी वाट फोडावी लागते. षष्ठीचे फंक्शन लिहिताना तीच वाट पुन्हा फोडावयाची, क्रियापदाच्या फंक्शनात तिसऱ्यांदा. पाच बोली झाल्या, की प्रत्येक फंक्शनात पाच फाटे. एखाद्या बोलीविषयीचे ज्ञान अशा रीतीने सर्व आज्ञावलीभर विखुरले जाते आणि ‘मालवणीविषयी येथे काय गृहीत धरले आहे?’ ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर कोठेही एका जागी सापडत नाही.

वर्ग हा ह्या विखुरलेपणावरचा उपाय आहे. ‘नाम’ हा एक वर्ग कल्पावा. मूळ रूप व लिंग हे त्याचे गुण. सामान्यरूप करणे व चतुर्थी करणे ह्या त्याच्या क्रिया. ‘घोडो’ ही त्या वर्गाची एक वस्तू. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे 2008 पासून, नावे देवनागरीतही देता येतात, त्यामुळे ‘घोडो.चतुर्थी()’ असे लिहिले असता संगणक ‘घोड्याक’ असे उत्तर देऊ शकतो. वर्ग व क्रिया ह्यांची घोषणा करणारे ठरीव शब्द तेवढे रोमी लिपीतच राहतात. येथे मराठी लेखकाने एक सावधगिरी बाळगावी. ‘र्‍या’ लिहिताना काही कळफलक मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालतात. पायथन ते चिन्ह नावात चालवून घेत नाही आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षराबद्दल तक्रार करते. ‘ऱ’ ह्या स्वतंत्र वर्णाने तेच लिहिले तर अडचण येत नाही.

देवनागरीचा संकेतक्रम येथे एका दृष्टीने भाषाभ्यासकाच्या पथ्यावर पडतो. ‘घोडो’ ह्यात डोळ्यांस दोन अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी ते चार संकेत आहेत, कारण मात्रा हा स्वतंत्र संकेत मानला जातो. शेवटचा संकेत वगळला, की ‘घोड’ उरते. ‘घोडा’ ह्याचेही तसेच. म्हणजे प्रमाण व मालवणी नामांचे सामान्यरूप करण्याची क्रिया एकच: अंत्य मात्रा गाळून ‘्या’ जोडावयाचा. ‘घोड्या’ येथपर्यंत दोन्ही बोली हातात हात घालून येतात आणि प्रत्ययाशी वेगळ्या होतात. अर्थात ‘चेडू’चे ‘चेडवाक’ होते. तेव्हा उकारान्तांसाठी वेगळी सोय हवीच.

क्रिया लिहिताना पायथन एक गोष्ट आग्रहाने मागते. प्रत्येक क्रियेच्या व्याख्येत पहिला घटक म्हणून ‘सेल्फ’, म्हणजे ज्या वस्तूवर क्रिया घडत आहे ती वस्तू, उघडपणे नमूद करावी लागते. क्रिया बोलाविताना मात्र ती लिहावी लागत नाही. बिंदूच्या डावीकडील वस्तू आपोआप त्या जागी जाते. जावास्क्रिप्टमध्ये व पीएचपीमध्ये हा घटक व्याख्येतही अध्याहृत असतो. मराठी विद्यार्थ्यास हा भेद समजण्यास वेळ लागू नये. ‘काल गेलो’ ह्या वाक्यात कर्ता उच्चारलेला नसतो, परंतु क्रियापदाच्या रूपावरून तो ओळखता येतो. इंग्रजीत तो उच्चारावाच लागतो. पायथन व्याख्येपुरती इंग्रजीच्या बाजूची आहे, एवढेच.

आता वारसा. ‘प्रमाणनाम’ हा वर्ग लिहून झाला आहे आणि ‘मालवणीनाम’ लिहावयाचा आहे. सामान्यरूप सारखेच असल्यामुळे ते पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. ‘मालवणीनाम’ हा ‘प्रमाणनाम’चा पोटवर्ग म्हणून घोषित करावा आणि प्रत्ययांची जोडी तेवढी बदलावी: ‘ला, ना’ ह्यांच्या जागी ‘क, का’. चतुर्थी करणारी क्रिया मूळ वर्गातच राहते. ती प्रथम सामान्यरूप मागते, मग प्रत्यय मागते, आणि पोटवर्गाने स्वतःचा प्रत्यय दिला असल्यास तोच घेते. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या वाचकास येथे उत्सर्ग व अपवाद यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. साम्य खरे आहे, पण मर्यादित आहे. अपवाद उत्सर्गास बाधतो तो त्याचे क्षेत्र अधिक विशिष्ट असते म्हणून. पायथन विशिष्टता पाहत नाही. शोधाच्या क्रमात जो वर्ग आधी भेटेल त्याचे म्हणणे ती मान्य करते. एकाच वर्गात एकाच नावाची क्रिया दोनदा लिहिली गेली, तर नंतरची निमूटपणे टिकते. परत्वाचा नियम अष्टाध्यायीतही आहे, परंतु तो तुल्यबल सूत्रांच्या विरोधापुरता आहे, लेखकाच्या हलगर्जीपणास पांघरूण घालणारा नव्हे.

येथवर सर्व सुरळीत झाले असे वाटते. वस्तुतः एक मोठा निर्णय कोणाच्याही लक्षात न येता घेतला गेला आहे. ‘मालवणीनाम हा प्रमाणनामाचा पोटवर्ग’ ह्या एका ओळीने असे सांगितले, की मालवणी म्हणजे प्रमाण मराठी, अधिक काही अपवाद. जेथे अभ्यासकाने मालवणीचे रूप नोंदविलेले नाही, तेथे आज्ञावली प्रमाण मराठीचे रूप पुढे करील. आणि ते करताना थांबणार नाही, की इशाराही देणार नाही. क्षेत्रपाहणीतील रिकामी जागा अशा रीतीने सदाशिव पेठेने भरली जाते.

ह्या प्रश्नाचा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे ही ओळ किती जड आहे ते कळते. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या 1905 सालच्या सातव्या खंडात कोंकणी ही मराठीची बोली म्हणून आली आहे आणि कुडाळी ऊर्फ मालवणी त्या कोंकणीखाली मांडली आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांचा ‘कुडाळी’ हा ग्रंथ 1965 मध्ये मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत प्रसिद्ध झाला. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता, तो 1981 मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झाला. त्याच मालेत दक्षिण कानड्यातील कोंकणीवरचा ग्रंथ 1963 मध्ये निघाला होता. पुढे साहित्य अकादमीने 1975 मध्ये कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि 1992 मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. मालवणी ह्या दोहोंच्या सीमेवर आहे. सत्तर-ऐंशी वर्षे ज्याविषयी वाद झाला, त्याचा निकाल आज्ञावलीतील एका कंसात लावून टाकणे शास्त्रीय नव्हे.

पायथन एका वर्गास अनेक जनक देऊ शकते. तेव्हा मराठी व कोंकणी दोघींनाही जनकत्व द्यावे, असे सुचणे साहजिक आहे. परंतु जनकांची नावे क्रमानेच लिहावी लागतात आणि शोधही त्याच क्रमाने होतो. 2003 च्या आवृत्तीपासून हा क्रम सी-थ्री नावाच्या निश्चित पद्धतीने ठरतो. त्यात यदृच्छेस वाव नाही. मराठी प्रथम लिहिली, तर चतुर्थी विचारल्याबरोबर ‘रामाला’ हे उत्तर येईल आणि कोंकणीस विचारलेच जाणार नाही. कोंकणी प्रथम लिहिली, तर ‘रामाक’ बरोबर येईल, पण प्रथमपुरुषी सर्वनाम विचारल्यावर ‘हांव’ मिळेल. मालवणी माणूस ‘मी’ म्हणतो. शिवाय अनेकवचनात गोव्याकडील ‘लोकांक’ येईल, मालवणीतील ‘लोकांका’ नव्हे. सर्वनाम एकीसारखे, विभक्ती दुसरीच्या जवळची, आणि अनेकवचनी प्रत्यय दोघींहून निराळा. जनकांचा कोणताही क्रम घेतला तरी मालवणी सिद्ध होत नाही, ही गोष्ट दहा ओळींच्या आज्ञावलीने स्वच्छ दिसते. बोलीविज्ञानात हे पूर्वीपासून माहीत आहे, की प्रत्येक विशेषाची सीमारेषा वेगळी धावते. वंशवृक्ष ती दाखवू शकत नाही. वारसा हा वंशवृक्षच आहे.

ह्यावर उपाय संयोगाचा. मालवणी ही कोणाची तरी पोटजात आहे असे न म्हणता, मालवणीजवळ एक सर्वनामव्यवस्था आहे, एक विभक्तिव्यवस्था आहे, एक क्रियारूपव्यवस्था आहे, असे म्हणावे. ह्या प्रत्येक व्यवस्थेची स्वतंत्र वस्तू करावी आणि त्या वस्तू ‘बोली’ नामक वस्तूचे गुण म्हणून साठवाव्यात. सर्वनामव्यवस्थेत ‘मी’ हे रूप प्रमाण मराठीशी समान ठेवता येते, विभक्तीत ‘क’ हा कोंकणीशी, आणि ‘का’ हा स्वतःचा. जे नोंदविलेले नाही ते रिकामे राहते आणि विचारले असता आज्ञावली स्पष्टपणे थांबते. संशोधनात थांबणे हे खोट्या उत्तरापेक्षा चांगले.

इंग्रजी पाठ्यपुस्तके वारसा व संयोग यांतील निवडीसाठी एक कसोटी देतात: ‘अमुक हे तमुक आहे’ असे म्हणता येत असेल तर वारसा, ‘अमुक तमुक बाळगते’ असे म्हणता येत असेल तर संयोग. इंग्रजीत त्यासाठी दोन भिन्न क्रियापदे आहेत. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘आहे’ हेच येते, म्हणून ही कसोटी शब्दशः उचलली की घोटाळा होतो. मराठीपुरती ती क्रियापदावर न लावता पहिल्या नामावर लावावी. ‘मालवणी ही मराठी आहे’ ह्यात ते नाम प्रथमेत आहे, येथे वारसा. ‘मालवणीत क हा प्रत्यय आहे’ किंवा ‘मालवणीला स्वतःचे अनेकवचन आहे’ ह्यांत त्यास प्रत्यय लागला, येथे संयोग. पर्ल भाषेत जनकांची यादी ज्या चलात ठेवतात त्याचे नावच ‘इझ-अ’ असे आहे, हे ह्या संदर्भात उद्बोधक आहे. पर्लचे कर्ते लॅरी वॉल हे भाषाविज्ञानाचे विद्यार्थी होते. 1994 च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी वर्गाची वेगळी यंत्रणा उभारली नाही. साध्या संदर्भास ‘ब्लेस’ ह्या आज्ञेने आशीर्वाद दिला, की तो एखाद्या वर्गाची वस्तू होतो. जावास्क्रिप्टने याहून निराळी वाट धरली. तेथे एक वस्तू थेट दुसऱ्या वस्तूकडून घेते. 2015 मध्ये ‘क्लास’ हा शब्द त्या भाषेत आला, तरी आतील व्यवस्था तीच राहिली.

संयोगाने रचना केली म्हणजे ‘ही वस्तू कोणाची वंशज?’ असे विचारण्याचे कारणही उरत नाही. चतुर्थीची रूपे गोळा करणारे फंक्शन समोरच्या वस्तूस फक्त चतुर्थी विचारते. ती देता आली म्हणजे झाले. पायथनच्या परिभाषेत ह्यास बदकाची कसोटी म्हणतात: चालणे व ओरडणे बदकासारखे असेल तर कुळाची चौकशी नको.

शेवटी एका सापळ्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण क्षेत्रपाहणीच्या सामग्रीस तो घातक आहे. नोंदींची रिकामी यादी वर्गाच्या अंगातच लिहिली, तर ती सर्व वस्तूंची सामाईक होते. ‘देवगड’ व ‘वेंगुर्ला’ अशा दोन वस्तू केल्या आणि देवगडच्या यादीत एक रूप जोडले, तर तेच रूप वेंगुर्ल्याच्या यादीतही दिसू लागते. आज्ञावली बिनतक्रार चालते. नकाशा काढला की सर्व जिल्हा एकरूप दिसतो आणि अभ्यासक सीमारेषा नसल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. यादी वस्तू निर्माण होण्याच्या वेळी, तिच्या आरंभक्रियेत करावी, म्हणजे प्रत्येक गावाची यादी वेगळी राहते.

ह्याच नियमाची दुसरी बाजू मात्र उपकारक आहे. पायथन साधा गुण प्रथम वस्तूत शोधते, तेथे न सापडल्यास वर्गात. मालवणातील एखादा शाळेत शिकलेला निवेदक घरी ‘माका’ म्हणतो आणि मास्तरांसमोर ‘मला’. त्याच्यासाठी नवा वर्ग करावयास नको, की मालवणीची व्यवस्था बदलावयास नको. त्या एका निवेदकाच्या वस्तूवर प्रसंगानुसार दोन्ही रूपांची नोंद ठेवता येते. शेजारच्या निवेदकांस विचारले असता ‘माका’ हेच उत्तर येत राहते.